सत्तावीस काळे फोटो

कॅमेरे वाटले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात,
पुठ्ठ्याचे, एकदाच वापरायचे, सत्तावीस फोटोंचे.
फळ्यावर लिहिलं : शाळेतला वेळ टिपा.
"म्हणजे घड्याळ?" इंगविलनं विचारलं.
मी म्हटलं, तुला वाटेल ते.
माझ्या प्रस्तावात या पद्धतीला लांबलचक नाव होतं,
चौथीच्या वर्गात शिरताना ते
ओल्या बुटांसारखं दाराबाहेर काढून ठेवलं.

सूर्यही त्याच आठवड्यात गेला.
इथे, फिनमार्कच्या टोकाला, तो एकदा गेला
की जानेवारीशिवाय तोंड दाखवत नाही.
तास मात्र होतात. घंटा होते. डबे उघडतात.

रोल धुऊन आले. टेबलावर मी ढीग लावले :
मैत्रिणी. खाणं. बाई. मधली सुट्टी.
रेडिएटरवर वाळणारे हातमोजे,
हे कशात टाकायचे?
इंगविलनं शेवटी घड्याळच काढलं होतं, पण खुर्चीवर चढून,
भिंतीवरून उचलून, पाठीमागून. एक सेल, थोडी धूळ.
ओड्डवारनं फळा पुसल्यावर मागे राहिलेला
भागाकाराचा पांढुरका धूर.
आणि आइलूचे सत्तावीसच्या सत्तावीस
काळे.

रांगफ्रिडबाई हसल्या, "काय उजेड पाडलाय पोरानं!"
मी पाकिटावर लिहिलं, बाद.

दुपारी दप्तरखान्यात गेले.
वसतिशाळेचा जुना फोटो, काचेवरचा :
एक्केचाळीस मुलं, हाताची घडी,
मागे नकाशा, त्यात त्यांचं एकही गाव नाही,
घड्याळात पावणेअकरा.
दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीला चेहराच नाही.
वेण्या आहेत, कॉलर आहे,
मध्ये दूध सांडल्यासारखा एक फराटा.

"हलली असणार," तिथला माणूस म्हणाला,
"तेव्हा भिंग उघडं ठेवून सहापर्यंत मोजायचे, मोठ्यानं."

मी मोजून पाहिलं, तोंडातल्या तोंडात.
सहा म्हणजे केवढं असतं!
आणि मग, जिना उतरताना, एकदम :
ती कोणत्या भाषेत मोजत होती?
कुणाच्या भाषेतले सहा?
नुकतीच आणलेली असेल घरून.
आता संपलं, आता हलायला हरकत नाही,
हे तिला कुठल्या आकड्यावरून कळणार होतं?

माझ्या वहीत रकाना होता : प्रतिमेचा दर्जा.
त्यात मी 'अस्पष्ट' लिहून ठेवलं होतं.
शाई वाळली होती.

दुसऱ्या दिवशी आइलूला विचारलं,
"बोट आडवं आलं का रे भिंगावर?"
"नाही. खिडकी आहे ती."
"कुठली?"
"माझ्या बाकाजवळची. रोज नऊ वाजता.
तुम्ही पत्ते पिसल्यासारखे पिसलेत सगळे."

त्यानं पाकीट घेतलं. वरचा शब्द वाचला, काही बोलला नाही.
फरशीवर गुडघे टेकून
मागचे बारीक नंबर बघत, एकेक मांडत गेला
दारापासून हात धुवायच्या नळापर्यंत,
वाट अडवून, तिसरीची मुलं ओलांडत जात होती
पाय उंच उचलून.

काळा. काळा. काळाच.
सोळाव्याच्या आसपास काळ्यात निळा मिसळल्याचा संशय.
मी वाकले. दिवा मालवावासा वाटला.
विसाव्यात काचेला काचपण आलं,
तेविसाव्यात कुणाचा तरी श्वास, काचेवर गोल.
तांबडं फुटलं नव्हतं कुठेच,
पण सव्विसाव्यात डोंगराला कड आली,
जेमतेम, नखानं ओढल्याइतकी.

"आता मोजा," तो म्हणाला, आणि स्वतःच मोजू लागला,
ओक्ता, गुओक्ते, गोल्बमा...
तीनपर्यंत मला येत होतं.
पुढचं येत नव्हतं. कुठे संपणार, माहीत नव्हतं.
मी हलले नाही.